घरटी एक माणूस

शहापूरच्या एस.टी. स्टँडवर, चौकशीच्या खिडकीला लागून, आमच्या क्लबचा फळा होता. काळा रंग मारलेला पत्रा, वरती पांढऱ्या ऑइलपेंटने 'आगामी कार्यक्रम' एवढे दोन शब्द, आणि खालची सगळी जागा माझी. क्लब म्हणजे तालुक्याच्या गावातल्या वीस-बावीस बऱ्या घरच्या लोकांनी समाजसेवेसाठी काढलेली संस्था. एक डॉक्टर अध्यक्ष होते, एक कापडदुकानदार शेठ उपाध्यक्ष, बाकी वकील, ठेकेदार, मास्तर. मी एका शाळेत कारकून. क्लबात माझी वर्णी लागली ती निव्वळ अक्षर चांगलं म्हणून, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पहिल्या दिवसापासून ते मला डाचत होतं.

महिन्याच्या एक तारखेला सकाळी मी ओल्या फडक्याने फळा पुसायचो आणि नवं लिहायचो. 'व्याख्यान: मधुमेह आणि आपला आहार. वक्ते ठाण्याहून येत आहेत.' मग एखादा निधी जमवायचा ऑर्केस्ट्रा, एखादं रक्तदान, एखादी शाळेची रंगरंगोटी. किन्हवलीची एस.टी. कधी वेळेवर लागली असं मला आठवत नाही, त्यामुळे ताटकळलेल्या माणसांना माझा फळा वाचण्यावाचून इलाज नसायचा. मी लिहून झालं की पाठीमागे चहाच्या टपरीवर उभा राहून लोक वाचतात का ते बघायचो. वाचले की मला फार बरं वाटायचं. त्यांना मधुमेह झालेला नसायचा, पण वाचायचे.

माझं घर शेणव्याच्या पुढे आत, आमच्या बौद्धवाडीत. शहापूरला मी भाड्याच्या खोलीत राहायचो आणि रविवारी घरी जायचो. आईबाबांची दोन खाचरं होती, भात व्हायचं. वाडीच्या खालून ओहळ वाहायचा, पण दिवाळी झाली की त्याचा जीव कमी व्हायचा आणि पौषात नुसते दगड उरायचे. मग वाडीतल्या आणि शेजारच्या कुणब्यांच्या पाड्यावरच्या बायका दोन टेकड्या ओलांडून विहिरीवर जायच्या. माझी आई त्यातली एक. तिच्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झाले होते, ते वयाने नव्हे, हंड्याने. मी क्लबात मधुमेहावरची व्याख्यानं फळ्यावर रंगवत होतो आणि माझी आई पाणी वाहत होती, याची मला लाज वाटायची.

म्हणून एका बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरून ओहळावर आडवी रचली तर पाणी अडतं. पैसा लागत नाही, माणसं लागतात. डॉक्टरांना एकदम पटलं. शेठ म्हणाले, माणसं कुठून आणणार? मी छाती फुगवून सांगितलं की आमचीच गावं, आमचंच पाणी, माणसं धावत येतील.

आणि मग मी जे केलं ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'श्रमदान' लिहिलंच. पण फळा शहापूरला, गाव आत. म्हणून गावच्या कोतवालाला गाठून मी सांगितलं, डबा वाजवून दवंडी दे. शब्दही मीच दिले, ऐकलेले होते कधीतरी कुठेतरी, चांगले ठसक्याचे वाटले. "घरटी एक माणूस! पाटी-फावडं घेऊन रविवारी सकाळी ओहळावर हजर व्हा होऽऽ!"

रविवारी सकाळी आठला क्लबाचे अकरा जण पांढऱ्या टोप्या घालून, कापडी फलक घेऊन ओहळावर हजर झाले. डॉक्टरांच्या घराचं बांधकाम चालू होतं, तिथली साठ-सत्तर पोती टेंपोतून आणली होती. वाडीतून कोणी आलं नाही. पाड्यावरूनही कोणी आलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. पलीकडच्या शेतात लोक भारे बांधताना दिसत होते, आमच्याकडे मान वळवून बघत होते आणि पुन्हा कामाला लागत होते. त्यात माझे वडीलही होते. आम्ही अकरा जणांनी दुपारपर्यंत कशीबशी पोती भरली, रचली, बिस्किटं खाल्ली, फोटो काढला. शेठ टेंपोत बसताना म्हणाले, "तुमच्या माणसांना पाणी नको दिसतंय." मी टेंपोचं फळकं दाणकन लावलं. बोललो असतो तर भांडण झालं असतं.

त्यांना पाठवून मी तणतणत घरी गेलो. बाबा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते.

"का नाय आलात?" मी ओरडलोच. "कुणासाठी करत होतो मी? आईसाठी ना?"

बाबांनी विळा बाजूला ठेवला. "ती हाळी कोणी घालायला सांगितली?"

"मी."

"तू?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "घरटी एक माणूस. हीच हाळी तुझा आजा घालायचा, सगळ्या गावभर. आपल्या लोकांचं कामच होतं ते. साहेबाचा तळ पडला, हाळी घाल. पाटलाचा वाडा शाकारायचाय, हाळी घाल. आन् हाळी घालून झाली का पयला तोच जायचा राबायला. फुकट. त्याला वेठ म्हणतात रे, कारकून! आमी धर्म बदलला तवा पयली ती हाळी टाकली. आन् आज तू आमाला घालतोस?"

आई चुलीपासून उठून आली आणि तिने मला पाणी दिलं, त्याच ओहळाचं.

"मंग पाण्याचं काम करायचंच नाय का?" मी विचारलं, आता जरा खालच्या आवाजात.

"नाय कोण म्हणतंय? आमी काय काम करत नाय एकमेकांकडं? लावणीला सावड करतो का नाय? पाड्यावरचे कुणबी आपल्या खाचरात दोन दीस येतात, आपण त्यांच्या खाचरात दोन दीस जातो. त्याला कोणी हाळी घालत नाय. ज्याला जायचंय त्याला ठावं असतं." आणि मग त्यांनी विळा परत उचलला. "तुझे टोपीवाले कधी आले होते आमच्या खाचरात?"

आमचा बंधारा महिनाभरात गळून गेला. पौषात ओहळ नेहमीसारखा कोरडा. मी त्या वेळी खूप चिडलो होतो, बाबांवर, शेठवर, पण सगळ्यात जास्त स्वतःवर. शिकलो, नोकरीला लागलो, आणि आज्याच्या गळ्यातून गेलेली हाळी मी हौसेने परत आणली. याला काय म्हणायचं?

पुढच्या बैठकीत मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आज्याचंही सांगितलं. क्लबात मी माझ्या घरातलं असं कधी बोललो नव्हतो. मग मी म्हटलं, "पाणी अडवायचं असेल तर आधी आपण लावणीला जायचं. जुलैत. त्यांच्या खाचरात. मग नोव्हेंबरात ते आपल्याकडे येतील."

"आणि नाही आले तर?" शेठनी विचारलं.

"नाही आले तर फळ्याची किल्ली तुमच्या हातात देईन आणि क्लब सोडेन." फळ्याला किल्ली नव्हती. पण रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, आणि बोललेलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "चला, चिखल खाऊ या."

जुलैत चौदा जण आले. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, अंगावर प्लास्टिकच्या खोळी. दोन दिवस, शनिवार-रविवार. पहिला दिवस आमच्या आणि शेजाऱ्यांच्या खाचरात, दुसरा पाड्यावर आणि आमच्या उरलेल्या खाचरात. काय ती फजिती! वकीलसाहेबांची एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. ठेकेदारांनी रोपं उलटी, मुळं वर करून लावायला घेतली. आई कमरेवर हात ठेवून खाचराच्या बांधावर उभी. "अवो, मुळं खाली, मुळं खाली! असं दोन बोटांत धरा नि चिखलात खुपसा. आन् मागं मागं चालायचं, पुढं नाय. पुढं चाललात तर लावलेलं तुडवाल!" शेठ मागे मागे चालता चालता बदकन बसले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं शेठ आता उठून निघून जातील. ते बसल्या जागेवरूनच दोन रोपं लावून मग उठले. त्या दिवसापासून तो माणूस मला आवडायला लागला.

दुपारी आमच्या ओटीवर जेवण. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, आणि खात नाहीत त्यांच्यासाठी कुरडूची भाजी. आईने पाण्याची कळशी मधोमध ठेवली, पेला वर उपडा, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती काय बघतेय ते मला कळलं. डॉक्टर प्याले. वकील प्याले. शेठनी पेला भरला, घटाघट प्याले आणि म्हणाले, "अजून आहे का वहिनी?" आईने कळशीच उचलून त्यांच्यापुढे ठेवली. संध्याकाळी ती नुसती एवढंच म्हणाली, "माणसं बरी हायेत रे."

बाबा मात्र दोन्ही दिवस गप्प. लावलेल्या ओळी नागमोडी झाल्या होत्या, कुठे दाट, कुठे विरळ. मी म्हटलं, "उद्या नीट करून घेऊ का?" ते म्हणाले, "राहू दे. माणसानं दिलेला दीस असा उपटून टाकायचा नाय." पण नोव्हेंबराबद्दल एक शब्द नाही. मीही विचारला नाही. विचारणं म्हणजे पुन्हा हाळी घालण्यासारखंच झालं असतं.

मधल्या काळात पोती जमवायची होती. मागच्या वेळी साठ-सत्तर होती, या वेळी सातशे तरी हवी होती. तेव्हा शेठच्या डोक्यातून एक भन्नाट कल्पना निघाली. दरवर्षीच्या निधीच्या ऑर्केस्ट्राला या वर्षी पैशाचं तिकीट ठेवायचंच नाही, तिकीट म्हणजे सिमेंटची दोन रिकामी पोती, न फाटलेली. मी फळ्यावर लिहिलं तेव्हा एस.टी.ची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला हाक मारून विचारलं, "आन् खताची पोती चालतील का?" म्हटलं, चालतील. शाळेच्या पटांगणाच्या फाटकावर आम्ही उभे आणि तालुक्यातले लोक काखेत पोत्यांच्या घड्या घेऊन येतायत, नव्या साड्या नेसलेल्या बायकासुद्धा. बांधकामं चालू असलेल्या ठिकाणी आठवडाभर पोती मिळेनाशी झाली होती म्हणे. पहिल्या रांगेतल्या लोकांच्या कपड्यांवर सिमेंटची भुकटी होती, आणि गायकाला तीनदा ठसका लागला. असा यशस्वी ऑर्केस्ट्रा क्लबाने पुन्हा केला नाही.

पोती झाली. आता माणसं. भात कापून झालं तसं सगळे मला विचारायला लागले. निरोप पाठवलास का? वडिलांना सांगितलंस का? मी म्हणायचो, सावडीत सांगायचं नसतं. शेठ म्हणायचे, "अहो पण तारीख तरी?" तारीख फळ्यावर होती. आमच्या गावचा निम्मा बाजार शहापूरला, कोणी ना कोणी वाचलंच असणार. त्या आठवड्यात मी मुद्दाम घरी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. घरी गेलो असतो तर बाबांना विचारून बसलो असतो, आणि ते 'नाय' म्हणाले असते तर रविवारपर्यंतही आशा उरली नसती. माझा शब्द पणाला लागला होता, पण त्याहून जास्त, आमची माणसं काय आहेत हे सगळ्यांसमोर ठरणार होतं.

रविवारी आम्ही आठऐवजी सातलाच निघालो. टेंपोत पोती, दाभण, सुतळी. शेणवा मागे टाकलं, वाडीचं वळण आलं, आणि डॉक्टरांनी ड्रायव्हरला एकदम थांबायला सांगितलं. "ते बघा."

ओहळात माणसं होती. एक-दोन नाही, तीस-चाळीस. वाडीतली, पाड्यावरची, बायका-पुरुष. आम्ही यायच्या आधीच त्यांनी ओहळाचा गाळ उपसून, पोती बसतील असा तळ साफ केला होता. वाळूचे ढीग काठावर तयार होते. घरटी एक नाही, काही घरांतून तिघं-तिघं आले होते. आणि गुडघाभर पाण्यात, हातात फावडं घेऊन, माझे वडील. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "काय डॉक्टर, उशीर केलात! सावडीत ज्याचं काम त्या मालकानं आधी यायचं असतं."

त्या दिवशी जे काम झालं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. बायका पोती भरत होत्या, शिवायला आमच्या क्लबातले मास्तर आणि वकील, हातोहात पोती खाली, आणि खाली बाबा आणि पाड्यावरचे दोघे ती तुडवून बसवत होते. चार वाजता बंधारा उभा होता आणि पाणी त्याच्या पोटाशी चढायला लागलं होतं. आई काठावर बसून नुसती पाण्याकडे बघत होती. शेठ माझ्याजवळ आले, मातीने भरलेला हात पुढे केला आणि म्हणाले, "फळ्याची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात रांगेत एक माणूस फावडं घेऊन बसला होता. माझे वडील. डॉक्टरांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमचे वडील काही ऐकत नाहीत, तुम्ही सांगा."

बाबा मला म्हणाले, "डॉक्टर माझ्या खाचरात दोन दीस होते. मी काल एकच दिला. बंधारा झाला म्हून माझा दुसरा दीस फिटत नाय. काय काम हाय ते सांगा."

"अहो, काही नको," डॉक्टर म्हणाले.

"मंग ते दान झालं तुमचं. मी दान घेत नाय."

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमचा एक दिवस मला हवाच आहे. मार्चात क्लबाचं व्याख्यान आहे. त्या दिवशी तुम्ही बोला."

बाबांचं तोंड पहिल्यांदाच पडलेलं मी पाहिलं. "बोलायचं? त्यापेक्षा गटार खणतो." पण दिवस मागितला होता, आणि दिलेला दिवस कुठे घालायचा हे मालकाने ठरवायचं असतं, हा त्यांचाच नियम. सुटका नव्हती.

मार्चच्या एक तारखेला मी फळा पुसला. 'व्याख्यान. विषय: सावड. वक्ते: श्री.' आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. दोनदा पुसून पुन्हा लिहिलं, तरी ते अक्षर काही माझं सर्वात चांगलं नाही. त्यांच्या नावामागे 'श्री.' मी कधीच कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं, रेशनकार्डावरही नाही.

व्याख्यानाला सभागृह भरलं. वाडीतून, पाड्यावरून टेंपो भरून माणसं आली होती. टेबलावर वक्त्यासाठी पाण्याचा तांब्या होता, तो आईने ओहळातून भरून आणला होता. होळी होऊन गेली होती आणि ओहळात अजून पाणी होतं! बाबा उभे राहिले, टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. मग बोलले ते माझ्याही कानावर कधी आलं नव्हतं. एका वर्षी ऐन लावणीत साहेबाचा तळ पडला, आज्याने हाळी घातली आणि सगळ्यांबरोबर स्वतःही पाच दिवस राबायला गेला. परत आला तोवर आवण, म्हणजे लावणीची रोपं, पिवळं पडलं होतं. बाबा तेव्हा लहान, घरात लावणी करणारं दुसरं कोणी नाही. "गावाची लावणी झाली, आमचं खाचर तसंच. त्या वर्साला आमी भात नाय खाल्ला. म्हून मला फुकटचा दीस घेववत नाय नि देववत नाय. तुमी आलात, मी आलो. एवढंच मला ठावं." आणि खाली बसले. टाळ्या थांबेचनात. शेठ उभे राहून वाजवत होते.

डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे शाल आणि नारळ पुढे केला. बाबांनी हात मागे घेतले. "शाल घेतली तर दीस कुठं फिटला? नारळ द्या, तो सगळ्यांना वाटतो."

एप्रिलच्या एक तारखेला बाबा बाजाराला शहापूरला आले होते. परतीच्या किन्हवलीच्या गाडीची वाट बघत ते माझ्याशेजारी उभे होते आणि मी फळा पुसत होतो. 'जुलै: भातलावणी', मी लिहिलं. बाबा साक्षरतेच्या वर्गात शिकलेले, एकेक अक्षर लावून वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "खाली अजून लिव."

"काय?"

"लिव. घरटी एक माणूस." आणि मग त्यांनी डोळे बारीक केले. "टोपीवाल्यांना सांग, पाटी-फावडं आणायची गरज नाय. आवण आमी देऊ."

मी लिहिलं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. माझे वडील भर स्टँडवर, लोक वळून बघतील एवढ्या मोठ्याने हसले. त्या दिवशी गाडी नेमकी वेळेवर आली, तरी ते ती सोडून फळ्यासमोर उभे राहिले.